गुडघा बदलताना दिली जाणारी बधिरतेची इंजेक्शनं : आधीची तयारी, पहिली रात्र आणि घरी आल्यावरचे दिवस

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतरची पहिली संध्याकाळ बऱ्याच घरांची फसगत करते. पेशंट उशीला टेकून बसलेला असतो, भेटायला आलेल्यांशी बोलतो, "काहीच दुखत नाही हो" असं सगळ्यांना सांगतो. सिस्टर गोळी घेऊन येते तेव्हा घरचेच म्हणतात, "आत्ता दुखत नाहीये त्यांना, राहू द्या." मग मध्यरात्रीनंतर कधीतरी इंजेक्शनचा असर उतरतो आणि पोटात एकही गोळी नसते. एकदा चढलेलं दुखणं खाली आणायला मग पाच-सहा तास लागतात. सकाळचा व्यायाम बुडतो, रात्रभर जागलेला माणूस चिडचिडा होतो आणि "ऑपरेशन बिघडलं की काय" या धास्तीने घरचे हैराण होतात.

दुसरी चूक याहून धोक्याची आहे. पाय दुखत नाही म्हणजे पाय तयार आहे असं समजून पेशंट रात्री एकटाच बाथरूमला निघतो. बधिर मांडी ऐन वेळी दगा देते.

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपी करते. राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, सुदामानगर या भागांत घरी जाऊन गुडघ्याच्या पेशंटना व्यायाम देते, आणि देवास, धार, खरगोनहून ऑपरेशनसाठी आलेल्या कुटुंबांशीही बोलणं होतं. सगळीकडे चुका त्याच होतात आणि त्या टाळता येण्यासारख्या असतात. बधिरतेचं इंजेक्शन दुखणं कायमचं घालवत नाही, ते तुम्हाला काही तास मिळवून देतं. त्या तासांत गोळ्यांचा पाया घातला गेला तर पुढचे आठ दिवस सुसह्य जातात.

कोणती इंजेक्शनं द्यायची आणि किती, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन ठरवतात. हा लेख पेशंट आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचं, एवढ्यापुरता आहे.

## सुरुवातीला : कोणतं इंजेक्शन कुठे आणि किती वेळ टिकतं

पाठीतलं (स्पायनल). बहुतेक ऑपरेशनं यावरच होतात. कमरेखालचा भाग बधिर होतो, पाय हलत नाहीत. असर साधारण २ ते ४ तास. कधी त्यात थोडं मॉर्फिन मिसळतात. मग दुखणं जास्त वेळ दबून राहतं, पण अंगाला खाज, मळमळ आणि लघवी अडकणं हे त्रास होऊ शकतात. क्वचित काही तासांनी श्वासही मंदावतो, म्हणून अशा पेशंटवर रात्रभर लक्ष ठेवतात.

मांडीतला ब्लॉक. ब्लॉक म्हणजे नसेजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मांडीच्या मधल्या भागात, आतल्या बाजूला औषध सोडतात. याला अॅडक्टर कॅनाल ब्लॉक म्हणतात. गुडघ्याची पुढची आणि आतली बाजू बधिर होते, मांडीच्या स्नायूंची ताकद बरीचशी शाबूत राहते. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते २४ तास टिकतो. काही ठिकाणी जांघेजवळ फिमोरल ब्लॉक देतात. त्यानेही दुखणं चांगलं दबतं, पण मांडी जास्त कमजोर होते आणि पडण्याचा धोका वाढतो.

गुडघ्याच्या मागचा ब्लॉक (आयपॅक). मांडीतला ब्लॉक गुडघ्याच्या मागच्या बाजूला पुरेसा पोचत नाही, म्हणून हा जोडीला देतात.

सर्जन सांध्याभोवती टोचतात ते. ऑपरेशन चालू असतानाच रोपिवाकेन किंवा बुपिवाकेन हे बधिरतेचं औषध, त्यात थोडं ॲड्रेनलिन आणि बहुधा केटोरोलॅक हे वेदनाशामक असं मिश्रण सांध्याच्या आवरणात, स्नायूंत आणि कातडीखाली ठिकठिकाणी सोडतात. मागच्या आवरणातलं इंजेक्शन कृत्रिम सांधा बसवण्याआधीच द्यावं लागतं, नंतर तिथे सुई पोचणं अवघड असतं.

नळी (कॅथेटर). औषध दोन-तीन दिवस थेंबाथेंबाने जात राहावं म्हणून बारीक नळी ठेवतात. सगळीकडे ठेवत नाहीत.

एकाच पेशंटला यातली दोन-तीन एकत्र मिळतात, आणि प्रत्येकाची उतरायची वेळ वेगळी असते. म्हणून "इंजेक्शन दिलंय" एवढ्या माहितीवर थांबू नका.

> इशारा : ओपीडीत गुडघ्यात देतात ती स्टिरॉइडची इंजेक्शनं ही वेगळी गोष्ट आहे. ऑपरेशन ठरलेलं असताना "तोवर जरा आराम पडेल" म्हणून ती घेऊ नका. ऑपरेशनच्या आधीच्या ३ महिन्यांत असं इंजेक्शन घेतलं तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. घेतलं असेल तर तारीख सर्जनना सांगा, ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं तरी सांगा.

## १. ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी : एक कागद तयार करा

हा टप्पा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते आणि तोच सगळ्यात जास्त वगळला जातो. पेशंटला गोळ्यांची नावं पाठ नसतात, मुलगा पुण्या-बंगळुरूला, सूनबाईंना निम्मी माहिती. भूलतज्ज्ञ पाच मिनिटं विचारतात आणि "बीपी, शुगर आहे" एवढंच उत्तर मिळतं. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि कागदावर हे सगळं लिहा.

खरं वजन. अंदाजे नको, काट्यावर करा. बधिरतेच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते. बुपिवाकेनची मर्यादा साधारण किलोमागे २ मिलिग्रॅम, रोपिवाकेनची ३ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला बुपिवाकेन सुमारे १२० मिलिग्रॅम, ०.२५ टक्क्यांच्या द्रावणाचे ४८ मिलिलिटर. मांडीतला ब्लॉक आणि सांध्याभोवतीची इंजेक्शनं, दोन्ही मिळून या मर्यादेत बसवायची असतात. ४८ किलोच्या आजींचं वजन कागदावर ६० पडलं तर हा सगळा हिशेब चुकतो.

रक्त पातळ करणारी औषधं. पाठीत सुई जाणार असेल तर ही ठरावीक दिवस आधी थांबवावी लागतात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस, वॉरफरिन ५ दिवस आणि मग रक्ततपासणी, रिव्हारोक्साबॅन किंवा अपिक्साबॅन सुमारे ३ दिवस. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना कळावं म्हणून दिले आहेत, मनाने गोळी बंद करण्यासाठी नाहीत. हृदयात स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

मधुमेहाच्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हल्ली पुष्कळ जण घेतात. त्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. पट्टीवरचं बारीक नाव वाचा. दोन औषधं मिसळलेल्या गोळीत हे नाव नजरेतून सुटतं.

किडनी, अल्सर, दमा. सर्जनच्या मिश्रणातलं केटोरोलॅक आणि नंतरच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या एकाच जातीच्या असतात. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल, पोटात अल्सर झालेला असेल किंवा डिस्प्रिन-कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीने कधी दम लागला असेल, तर मिश्रणातून ते औषध वगळावं लागतं.

आधीपासून चालू असलेली दुखण्याची औषधं. ट्रॅमाडॉल महिनोन् महिने घेत असाल तर नेहमीच्या मात्रेने तुमचं दुखणं दबणार नाही, हे भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवं. गावाकडच्या "गुडघ्याच्या पुड्या" हाही असाच लपवला जाणारा विषय. अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. रागावतील म्हणून सांगायचं नाही आणि गुपचूप बंद करायची, हे दोन्ही धोक्याचं. पुडीच डॉक्टरांपुढे ठेवा.

"ॲलर्जी". दाताच्या इंजेक्शनने छातीत धडधडलं होतं, एवढ्यावरून "मला भुलेची ॲलर्जी आहे" असं लिहून टाकू नका. ती धडधड बहुतेकदा त्या इंजेक्शनात मिसळलेल्या ॲड्रेनलिनची असते आणि या औषधांची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे. नेमकं काय झालं, किती वेळात झालं, अंगावर गांधी उठल्या का, श्वास अडकला का, ते लिहा. उगाच मारलेल्या ॲलर्जीच्या शिक्क्यामुळे चांगला उपाय हातचा जातो.

झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, फिटचा आजार, नैराश्याच्या गोळ्या आणि लघवीला अडखळणं, यांचीही नोंद करा.

> तपासा : कागदाच्या तीन प्रती. एक फाइलमध्ये, एक रात्री थांबणाऱ्या माणसाकडे, एक फोटो बाहेरगावच्या मुलाच्या फोनवर.

## २. भूलतज्ज्ञांच्या भेटीत विचारायचे प्रश्न

ही भेट उरकू नका. मला विचाराल तर सर्जनच्या भेटीइतकीच ती मोलाची आहे. प्रश्न थोडकेच ठेवा :

- स्पायनलशिवाय दुखण्यासाठी ब्लॉक देणार का? मांडीत, मागे, की फक्त सांध्याभोवती?
- तो साधारण किती तास टिकेल? मांडी कमजोर होईल का?
- असर उतरण्याआधी कोणत्या गोळ्या सुरू होतील, आणि पहिली किती वाजता?
- गोळ्या घेऊनही खूप दुखलं तर रात्री कोणतं जादा औषध मिळणार? ते फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असेल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. रात्री दोन वाजता सिस्टर स्वतःच्या मनाने इंजेक्शन देऊ शकत नाही. फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर दहा मिनिटांत काम होतं, नसेल तर डॉक्टरांना फोन लागेपर्यंत पेशंट तळमळत राहतो.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलणार असतील तर एक लक्षात घ्या : गुडघे दोन झाले म्हणून औषधाची मर्यादा दुप्पट होत नाही. तेच प्रमाण दोन पायांत वाटलं जातं. अशा पेशंटना पहिल्या रात्री गोळ्यांचा आधार जास्त लागतो आणि घरच्यांनी त्या तयारीने राहावं.

## ३. आदल्या रात्रीपासून ओटीच्या दारापर्यंत

नेहमीचा उपासाचा नियम असा : हलकं जेवण ६ तास आधी थांबवा, तेलकट-तळलेलं ८ तास आधी. साधं पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटलने याहून कडक वेळ दिली असेल तर तीच पाळा.

आपल्याकडे गडबड होते ती चहावरून. दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही, तो दुधात मोजायचा. त्याला ६ तास हवेत. पहाटे "घोटभर चहाने काय होतंय" म्हणून घेतला तर ऑपरेशन पुढे जातं, आणि ते योग्यच आहे. शेव घातलेले पोहे हे हलकं जेवण नव्हे. सकाळी तोंडात तंबाखू, गुटखा, सुपारी काहीही नको.

उलट चूकही होते. नऊचं ऑपरेशन असताना आदल्या रात्री सातपासून पाणीसुद्धा बंद. वयस्कर माणूस कोरडा पडतो आणि स्पायनलनंतर रक्तदाब घसरतो. पाण्याची परवानगी कधीपर्यंत आहे ते विचारून घ्या आणि तोवर पाणी द्या.

गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि त्यातून संसर्ग होतो. मांडीवर, जांघेत, पाठीवर फोड किंवा नायटा असेल तर आधी दाखवा, सुई तिथूनच जायची असते.

बीपीच्या गोळ्यांपैकी सकाळी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे लिहूनच घ्या. तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

## ४. ओटीत : पेशंटने बोलायचं

ब्लॉक देताना पेशंट बऱ्याचदा जागा असतो. सुई नसेच्या जवळ जाताना पायात सणकन वीज गेल्यासारखी कळ आली तर लगेच "कळ आली" म्हणून सांगा. हलू नका, फक्त बोला. डॉक्टर सुई थोडी मागे घेतात.

औषध सोडत असताना किंवा त्यानंतरच्या काही मिनिटांत ओठांभोवती मुंग्या, जिभेला धातूची चव, कानात घूं आवाज, गरगरणं किंवा एकदम अस्वस्थ वाटणं, यांतलं काहीही झालं तर सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याच्या या पहिल्या खुणा असतात. पुढे फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यावर उपाय आहे. प्राणवायूबरोबर २० टक्क्यांचं स्निग्ध द्रावण शिरेतून देतात. ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, म्हणून पेशंटचं बोलणं इथे कामाचं आहे.

आपल्या आज्या-आजोबांना सोसायची सवय असते. डॉक्टर कामात आहेत, मध्येच कशाला बोलायचं, असं त्यांना वाटतं. आदल्या दिवशीच बजावून ठेवा : इथे गप्प राहायचं नाही.

## ५. वॉर्डात आल्यावर पहिले तास

५.१ वेळ लिहा. ब्लॉक किती वाजता दिला, ते सिस्टरला विचारून फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. त्यात १२ तास मिळवा. ब्लॉक सकाळी ११ ला दिला असेल तर रात्री ११ पासून पुढे कधीही असर उतरू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत टिकूही शकतो. खाली लिहिलेलं सगळं या एका वेळेवर बेतायचं आहे.

५.२ बधिर पाय जपा. पायाला स्वतःची काळजी घेता येत नाही, दाबलं-भाजलं तरी कळत नाही. गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. बर्फ थेट कातडीवर नको, मध्ये टॉवेल ठेवून १५ ते २० मिनिटं, मग काढायचा आणि कातडी बघायची.

५.३ पाय बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नका. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली, हाताला लागणाऱ्या हाडावरून एक नस जाते. बधिर पाय तासन् तास पलंगाच्या कठड्यावर दाबून राहिला तर ती दुखावते आणि पाऊल लुळं पडू शकतं. बोटं छताकडे राहतील असा पाय ठेवा, बाजूला टॉवेलची गुंडाळी लावा.

५.४ गुडघ्याखाली उशी नको. याच्यावरून माझे घरोघरी वाद होतात, कारण उशी काढली की पेशंटला त्रास होतो आणि ठेवली की बरं वाटतं. पण वाकलेल्या स्थितीत राहिलेला गुडघा नंतर पूर्ण सरळ होत नाही आणि ती भरपाई करायला आठवडे जातात. उशी हवीच तर टाचेखाली.

५.५ लघवी. स्पायनलनंतर लघवीची जाणीव उशिरा येते. नळी घातलेली नसेल आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर सांगा. ओटीपोट फुगून बसलं तर पेशंट गुडघ्याऐवजी त्यानेच बेजार होतो.

> तपासा (दर दोन-तीन तासांनी) : पायाची बोटं गुलाबी आणि ऊबदार आहेत का? पाऊल वर-खाली हलतंय का? बँडेजमध्ये एक बोट शिरतंय का? मागच्या ब्लॉकनंतर पाऊल काही तास ढिलं राहू शकतं, तरी सिस्टरला सांगून नोंद करून घ्या. २४ तास उलटूनही पाऊल वर उचलत नसेल तर डॉक्टरांना बोलावलंच पाहिजे.

> इशारा : स्पायनल उतरून पाय हलायला लागले आणि मग पुन्हा दोन्ही पाय जड पडले, पाठीत जोराचं दुखू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. क्वचित पाठीत रक्त साठतं आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

## ६. असर उतरण्याची रात्र

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रम नीट पाळा.

पहिलं : ठरलेली गोळी ठरलेल्या वेळी. दुखो न दुखो. पॅरासिटामॉल, आणि किडनी-पोट ठीक असेल तर त्याच्या जोडीची सूज उतरवणारी गोळी, ही दोन औषधं वेळेवर पोटात असली की ब्लॉक उतरताना कडेलोट होत नाही. पेशंट झोपला असेल तरी उठवून गोळी द्या. झोपमोड होईल म्हणून टाळणाऱ्या घरच्यांची कळकळ मला समजते, पण पहाटे चारला ओरडत उठण्यापेक्षा रात्री बाराला दोन मिनिटं उठलेलं बरं.

दुसरं : आकड्यात सांगा, आणि दोन वेळा सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं. पडल्या-पडल्या किती आणि पाय हलवल्यावर किती, दोन्ही सांगा. नुसतं "ठीक आहे" या उत्तरावरून काहीच कळत नाही. इथल्या हॉस्पिटलांत कामकाज हिंदीत चालतं, आणि आपल्या आज्या ठणकतंय, रग लागलीय, कळ येतेय असं मराठीत सांगून गप्प होतात. सिस्टर मान डोलावते, पण तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं. रात्री थांबणाऱ्याने मध्ये पडून आकडा सांगावा.

तिसरं : जादा औषध चार-पाचवरच मागा. पाय हलवल्यावर आकडा पाचकडे सरकायला लागला, गुडघ्यात ऊब आणि मुंग्या परत यायला लागल्या, की तीच वेळ. आठ-नऊपर्यंत थांबलात तर तेच औषध अपुरं पडतं.

चौथं : कुठे दुखतंय ते बघा. गुडघ्याच्या मागे खोल दुखत असेल तर मांडीतला ब्लॉक निकामी ठरला असं नाही, ती बाजू त्याच्या हद्दीबाहेर आहे. मांडीत पट्ट्यासारखं दुखत असेल तर ते बहुधा ऑपरेशनच्या वेळी बांधलेल्या पट्ट्याचं असतं आणि दोन-चार दिवसांत जातं.

नळी ठेवलेली असेल तर कूस बदलताना ती अंगाखाली येत नाही ना बघा. चिकटपट्टीखाली ओल दिसली, नळी सरकलेली वाटली, तर स्वतः आत ढकलू नका. पाठीतली नळी असेल तर ती काढण्याची वेळ आणि रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनची वेळ यांत ठरावीक तासांचं अंतर लागतं. नळी काढायला येणाऱ्याला आधीचं इंजेक्शन किती वाजता झालं ते सांगा.

मधुमेहींसाठी एक गोष्ट. मळमळ आणि दुखणं कमी करायला ओटीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेलं असेल तर एक-दोन दिवस साखर चढते. ती जेवणावर ढकलून पेशंटला उपाशी ठेवू नका. साखर तपासा आणि इन्सुलिनचं डॉक्टरांना ठरवू द्या.

## ७. पहिल्यांदा उभं राहताना

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करतात. गोळीनंतर ३० ते ४५ मिनिटांनी व्यायाम, हे गणित फिजिओथेरपिस्टशी आधी जुळवून घ्या. गोळी आणि व्यायाम एकाच वेळी आले तर व्यायाम संपल्यावर गोळी लागू पडते, त्याचा काय उपयोग?

उभं राहण्याआधी पलंगावरच परीक्षा घ्या :

१. गुडघा सरळ ठेवून टाच पलंगापासून वीतभर उचलून पाच सेकंद धरता येते का?
२. पाऊल स्वतःकडे ओढता येतं का?
३. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसल्यावर गरगरतं का?

पहिल्या दोन्हीचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल तरच उभं राहायचं, तेही वॉकर आणि बाजूला शिकलेला माणूस असेल तेव्हाच. टाच उचलत नसेल तर मांडी अजून झोपेत आहे. गुडघ्याला सरळ ठेवणारा पट्टा बांधून उभं करायचं की थांबायचं, हे फिजिओथेरपिस्ट ठरवेल.

> इशारा : रात्री बाथरूमला एकट्याने जायचं नाही. पलंगाशेजारी भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवा. सोबतीच्या माणसाला उठवायला संकोच वाटतो म्हणून घंटी पेशंटच्या हातातच द्या.

## ८. घरी आल्यावर

परगावी जाणाऱ्यांनी गाडीत बसण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी घ्यावी. धार-खरगोनच्या रस्त्यावर दर तासाला गाडी थांबवून पाय हलवा, पाऊल वर-खाली करा.

घरी होणारी मोठी चूक म्हणजे एकच औषध दोन-तीन नावांनी घेणं. एक उदाहरण बघा. डोलो ६५० दिवसातून तीनदा, अल्ट्रासेट तीनदा, आणि घरात पडलेली झेरोडॉल-पी दोनदा. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे : १९५० अधिक ९७५ अधिक ६५०, एकूण ३५७५ मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात. कमी वजनाच्या, वयस्कर किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर त्याहून बरंच खाली ठेवतात. दुसरीकडे, डिस्चार्ज कार्डावर एटोरिकॉक्सिब असताना फॅमिली डॉक्टरांनी दिलेली ॲसिक्लोफेनॅक चालू ठेवणं म्हणजे सूज उतरवणाऱ्या एकाच जातीच्या दोन गोळ्या. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर किडनीवर तिहेरी भार येतो. दवा बाजारातून स्वस्तात आणलेली "तीच" गोळी खरोखर तीच आहे का, हे नावाखालच्या घटकांवरून ताडून बघा.

ट्रॅमाडॉलने चक्कर आणि मळमळ येते, नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर आणि फिटच्या आजारात ते चालत नाही. नसांच्या दुखण्यासाठी देतात त्या प्रीगाबालिनने वयस्कर माणसाला गुंगी येऊन तोल जातो. ही दोन्ही चालू असतील तर रात्रीच्या उठण्याला सोबत हवीच. बद्धकोष्ठ सुरू व्हायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं सारक औषध घ्या.

गोळ्या कमी करण्याचा क्रम असा : आधी ट्रॅमाडॉलसारखी तीव्र गोळी, मग सूज उतरवणारी, सगळ्यात शेवटी पॅरासिटामॉल. उलटं केलं तर गुंगीची गोळी उरते आणि साधी जाते. पहिले दोन आठवडे दुखणं जास्त असतं, पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत ते ओसरत जातं. व्यायामाच्या वेळची गोळी सगळ्यात शेवटी सोडा.

व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर राहिला तर घाबरू नका. काप घेताना कातडीच्या बारीक नसा तुटतात, त्याचा तो परिणाम. महिन्यांनी तो भाग आक्रसतो, पण थोडी बधिरता कायम राहू शकते.

मात्र पोटरी एका बाजूची सुजून दुखू लागली, एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला, किंवा उतरत चाललेलं दुखणं अचानक उलटं चढलं, तर त्यावर जादा गोळी घेऊन झाकायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

फाइल बंद करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा : कोणता ब्लॉक दिला, किती वाजता, कोणतं औषध किती, किती तास टिकला, मळमळ झाली का, कोणत्या गोळीने आराम पडला. दुसऱ्या गुडघ्याची वेळ येईल तेव्हा भूलतज्ज्ञांना हा कागद आधी दाखवा.